सोवळ्यातली सुरी

कोथरूडमधल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर गॅसवाल्याचा नंबर नाही, दुधाचा हिशेब नाही. ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘सुरी ओली ठेवू नये. सुरी सिंकमध्ये टाकू नये. लिंबू, कैरी, चिंच यांच्याशी संपर्क आल्यास तत्काळ पुसावी. नारळ, फणस, गूळ व फ्रीझरमधले पदार्थ वर्ज्य. ओट्याच्या ग्रॅनाइटवर सुरी टेकवू नये. काम झाल्यावर कोरडी करून तेलाचं बोट फिरवावं.’ खाली कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पेन्सिलीने भर घातली आहे: ‘चातुर्मासात सुरी कांदा-लसूण खात नाही.’

कागदाचे कर्ते म्हणजे त्या घरचे गृहस्थ. सॉफ्टवेअरमधले. स्वयंपाकघराशी त्यांचा आजवरचा संबंध ‘झालं का?’ एवढं विचारण्यापुरता. प्रस्तुत लेखक त्यांच्या शेजारी राहतो आणि याही बाबतीत त्यांच्या फार पुढे गेलेला नाही. पण कंपनीने गृहस्थांना काही महिने ओसाकाला पाठवलं, आणि तिथे एका पावसाळी रविवारी ते छत्री शोधत सेन्निचिमाए दोगुयासुजी नावाच्या गल्लीत शिरले. ही गल्ली म्हणजे हॉटेलवाल्यांचा बाजार. पातेली, झारे, कागदी कंदील, हॉटेलच्या दारात मांडायचे प्लास्टिकचे खोटे पदार्थ, आणि काचेच्या कपाटांत रांगेने सुऱ्या. छत्री राहिली.

“काय कापणार?” दुकानदाराने अदबीने विचारलं.

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. जपानमध्ये काय कापायचं यावर सुरी ठरते. माशाचं डोकं उडवायची जाड ‘देबा’ वेगळी, कच्च्या माशाच्या चकत्या काढायची लांबलचक ‘यानागिबा’ वेगळी, आणि त्याच चकत्या तोक्योच्या पद्धतीने काढायच्या तर चौकोनी टोकाची ‘ताकोबिकी’ आणखी वेगळी. हामो म्हणजे आपल्या वामीचा जातभाई. त्याचे काटे बारीक तोडायला खास सुरी. नूडल्स कापायला खास सुरी. ईल चिरायच्या सुरीचा घाट तर गावागणिक बदलतो: ओसाकाचा निराळा, क्योतोचा निराळा, नागोयाचा निराळा, तोक्योचा निराळा. ओसाकात ईल पोटाकडून चिरतात, तोक्योत पाठीकडून. त्याचं कारण असं सांगतात की तोक्यो हे सामुरायांचं शहर, आणि पोट फाडण्याचा विषय तिथे जेवणाच्या वेळी कुणाला नको असे.

गृहस्थ शाकाहारी. “कांदा, बटाटा, भेंडी,” ते म्हणाले.

दुकानदाराने ‘नाकिरी’ काढली. घरगुती भाजीची सुरी, दोन्ही बाजूंनी धार, गरीब स्वभावाची. तिथेच खरेदी उरकली असती तर फ्रीजवरचा कागद लिहावा लागला नसता. पण गृहस्थांनी विचारलं, “मोठमोठ्या हॉटेलांतले आचारी हीच वापरतात?”

“नाही. ते ‘उसुबा’ वापरतात. पण ती हाताळायला अवघड.”

‘अवघड’ या शब्दाने घात केला. उसुबा रुंद आणि पातळ असते, धार एकाच बाजूने, मागची बाजू किंचित खोलगट. ओसाकाकडच्या उसुबाचं टोक गोल वळलेलं असतं. किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात. तेवढ्या पैशांत मिक्सर येतो आणि वर बराच कांदा येतो. गृहस्थांनी नोटा दोन्ही हातांनी, कमरेत वाकून दिल्या. मग दुकानदार म्हणाला, हवं असल्यास पात्यावर आपलं नाव छिन्नीने कोरून देऊ. ज्याच्या घरातली प्रत्येक वाटी ‘सप्रेम भेट’ आणि मामाच्या नावानिशी कोरलेली आहे, त्याला यात वावगं काय वाटणार? जपानी लिपीत ‘ल’ची सोय नाही, त्यामुळे आडनावातला ल कोरताना र झाला. पण तो कुणाला वाचता येतोय?

ही सुरी घडली ओसाकाला खेटून असलेल्या साकाई गावात. साकाईच्या लोहारकामाचं एक मूळ, खरं वाटणार नाही, पण गोव्याकडे जातं. १५१० मध्ये गोवा घेऊन बसलेले पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, ते तोड्याच्या बंदुका घेऊन. जपानी कारागिरांनी त्या बघितल्या आणि भराभर तशाच घडवल्या. मूळ नमुना गोव्यातल्या कारखान्यातला असावा, असं काही अभ्यासक मानतात. साकाई हे या बंदुकांचं मोठं केंद्र झालं. मागोमाग तंबाखू आली. पोर्तुगीजांनी आपल्याकडे मिरची आणली, बटाटा आणला, म्हणजे एकूण चिराचिरीचं काम वाढवून ठेवलं. जपानला तंबाखू दिली, तर तीही बारीक चिरावीच लागते. साकाईच्या लोहारांनी तंबाखूच्या सुऱ्या अशा काही सरस केल्या की एदोच्या शोगुन सरकारने त्यांना आपला शिक्का आणि मक्ता दिला. पुढे १८७६ मध्ये मेइजी सरकारने कमरेला तलवार लावून हिंडायला बंदी घातली, तसे जपानभरचे कित्येक तलवारवाले मुकाट्याने स्वयंपाकघराकडे वळले. आणि साकाईतल्या बंदुका घडवणाऱ्यांचा हात गेला सायकलीकडे. सायकलच्या गिअरसाठी जगभर नाव असलेली शिमानो कंपनी १९२१ मध्ये याच साकाईत निघाली, आजही तिथेच आहे.

हा इतिहास गृहस्थांना मुखोद्गत आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलाचा विषय चालू असतानाही तो निघतो.

सुरी घेतली, पण तेवढ्याने समाधान होईना. रजा टाकून गृहस्थ साकाईतला एक कारखाना बघायला गेले. मनात चित्र असं की पांढऱ्या दाढीचा वृद्ध, हातात घण, खिडकीतून येणारी तिरीप. प्रत्यक्षात गल्लीच्या तोंडाशीच धाडधाड आवाज आला, तो पट्ट्यावर चालणाऱ्या यांत्रिक हातोड्याचा.

“मशीन?” गृहस्थांचा स्वर दुखावलेला होता. “पण सुरी हातची आहे ना?”

दुभाष्याने प्रश्न पुढे ढकलला. लोहार काम न थांबवता काहीतरी बोलला. दुभाषी म्हणाला, “ते म्हणताहेत, हातोडा मशीनचा आहे, हात त्यांचेच आहेत. हवे तर मोजा.”

मग मात्र गृहस्थ गप्प बसून बघत राहिले, आणि बघण्यासारखंच होतं ते. मऊ लोखंडाची पट्टी लालबुंद करायची. तिच्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांची पूड भुरभुरायची. वर कडक पोलादाचा छोटा तुकडा ठेवायचा, परत भट्टीत घालायचं, आणि रंग मनासारखा आला की ऐरणीवर आणून ठोकायचं. पहिल्या ठोक्याला ठिणग्यांचा फवारा उडतो आणि दोन धातू एक होतात. पोलादाने धार धरायची, लोखंडाने मार सोसायचा, अशी कामाची वाटणी. हे पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगीचं. त्याच्या जातींना ‘पांढरा कागद’, ‘निळा कागद’ म्हणतात, कारण कुठल्या जातीच्या पट्टीला कुठल्या रंगाचा कागद लावायचा हे ठरलेलं असे. गृहस्थांची सुरी पांढरा कागद, क्रमांक दोन. कार्बन शेकडा एकाहून थोडा जास्त, आणि गंज रोखणारं क्रोमियम घातलेलंच नाही. हे शेवटचं वाक्य दुभाष्याने सांगितलं होतं. गृहस्थ त्या वेळी फोटो काढत होते.

नंतर पाणी पाजणं. पात्याला मातीचा पातळ लेप देऊन तो वाळवायचा, मग खोलीतले दिवे घालवायचे. आठशे अंशांच्या आसपासचा तो लाल रंग नुसत्या नजरेने ओळखायचा असतो आणि उजेडात रंग फसवतो. अंधारात भट्टीसमोर लोहार पातं मागेपुढे सरकवत राहतो, शेपटापासून टोकापर्यंत एकच रंग यायची वाट बघत. कुणी बोलत नाही. आला रंग की पातं सरळ पाण्यात. घाई झाली तर पातं कच्चं राहतं, जास्त तापलं तर ठिसूळ होतं, कधी पाण्यातच तडकतं. सुखरूप बाहेर आलंच तर मंद आचेवर परत शेकून पोलादाचा माज थोडा उतरवायचा, वाकलं असेल तर हलक्या हातोडीने सरळ करायचं.

साकाईत लोहार सुरी पुरी करत नाही. पातं दुसऱ्या घरी जातं, तिथला माणूस आयुष्यभर फक्त धार काढतो. तिसऱ्या घरी मूठ बसते. मुठीचं लाकूड होनोकीचं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातलं, आणि तिच्या गळ्याशी म्हशीच्या शिंगाची कडी. पात्याचं शेपूट तापवून मुठीत ठोकतात. एवढ्या सगळ्या हातांतून गेल्यावर पात्यावर बहुधा नाव असतं ते विकणाऱ्या पेढीचं. घडवणाऱ्याचं नाही, धार काढणाऱ्याचंही नाही. आणि या सुरीच्या बाबतीत दुसऱ्या बाजूला नाव होतं कोथरूडच्या गृहस्थांचं, तेही ल-चा र होऊन.

इथे शेजारधर्म बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. सासवडच्या बाजाराबाहेर घिसाड्यांचं पाल पडतं, तिथे हाच कार्यक्रम रस्त्याच्या कडेला, तिकीट न लावता चालतो. ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत घातलेला असतो. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते, आणि तो घण पट्ट्यावर चालत नाही. रंग बघून पाणी पाजतात तेही नजरेनेच. जपानला जाण्याआधी गृहस्थांनी गावच्या जागेतलं गवत काढायला तिथे कोयता घेतला होता.

“एवढे? बाई, लोखंडाचाच आहे ना?”

बाईने घण खाली टेकवला. “न्हाई, सोन्याचा हाय. तुमास्नी म्हून लोखंडाच्या भावानं देतीया.”

गृहस्थांनी पन्नास रुपये पाडूनच घेतला. कोयता अजून आहे. बोथटला की शेवटून आणतात. त्याला तेलाचं बोट लागत नाही.

तर सुरी चेक-इन सामानातून, मोज्यांत गुंडाळून पुण्याला आली. डबा उघडण्याचा समारंभ झाला. आईंनी मूठ निरखून विचारलं, “हे काळं काय रे?”

“म्हशीचं शिंग.”

“देवाच्या नैवेद्याची भाजी म्हशीच्या शिंगाने चिरणार?”

“आई, दूध चालतं ना म्हशीचं?”

“दूध शिंगातून येत नाही,” आई म्हणाल्या. त्यावर साकाईच्या इतिहासात उत्तर नव्हतं.

पहिल्याच रात्री कांदा चिरून गृहस्थ व्हिडिओ कॉलवर सुरी दाखवायला गेले आणि सुरी ओट्यावर राहिली. सकाळी मावशींनी ती तारेच्या घासणीने घासली आणि ओल्या भांड्यांत उपडी ठेवली. दुपारी पात्यावर नारिंगी ठिपके. गृहस्थांनी ऑफिसातून रजा मागितली. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘घरगुती अडचण’ लिहिलं. मावशींना सगळी हकिकत शांतपणे समजावून सांगण्यात आली. “म्हणजे गंजतीया,” मावशी म्हणाल्या. “मग बदलून द्या म्हणावं. आमच्याकडं स्टीलची आहे, धा वर्षं झाली.”

त्यानंतर धारेची परीक्षा सुरू झाली. जाणकार माणसं कागद हवेत धरून चिरतात म्हणून गृहस्थांनी वर्तमानपत्र धरलं. धार खरोखर अशी की कागदाला कापल्याचं कळत नव्हतं. घरच्यांना कळलं, कारण रविवारची पुरवणी पट्ट्यांच्या रूपात वाचावी लागली आणि शब्दकोड्यातले उभे शब्द तेवढे शिल्लक राहिले. जाणकारांची दुसरी परीक्षा म्हणजे मनगटावरचे केस. गृहस्थांच्या डाव्या हातावर आता घड्याळाच्या पट्ट्यापासून कोपरापर्यंत शेतजमिनीचे गट पाडल्यासारखे चौकोन आहेत.

उसुबाचं खरं कौशल्य म्हणजे ‘कात्सुरामुकी’. मुळ्याचा वीतभर तुकडा हातात धरून फिरवत जायचा आणि त्याचा कागदासारखा अखंड, लांबच लांब पट्टा सोलून काढायचा. पलीकडचं दिसेल इतका पातळ. जपानी आचारी हे काम उमेदवारीच्या काळात रोज घोटतात. गृहस्थांनी ते एका शनिवारी घोटायला घेतलं. पट्टा निघण्याऐवजी मुळ्याच्या फाका, चिपा, त्रिकोण आणि एक शंखाकृती वस्तू निघाली. वहिनींनी काही न बोलता सगळ्यावर दही घातलं. त्या आठवड्यात शेजारीपाजारी मुळ्याची कोशिंबीर वाटण्यात आली. प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला बरीच आली. वहिनी स्वतः अजूनही विळीच घेतात. दगड भिजत घातला का, फडकं कोरडं आहे का, पाट लाकडीच आहे ना, ही गृहस्थांची तयारी संपेपर्यंत त्यांची मेथी निवडून, चिरून, परतून झालेली असते.

सासरे राहायला आले. ते डावखुरे. काकडीच्या चकत्या एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पडू लागल्या. “जावईबापू, तुमची सुरी वाकडी चालते हो.” गृहस्थांनी समजावलं की एकाच बाजूने धार असल्यामुळे ही उजव्यांचीच सुरी आहे, डावखुऱ्यांसाठी वेगळी मुद्दाम घडवून घ्यावी लागते आणि ती जास्त महाग पडते. सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मी डावखुरा आहे हे विळीला सत्तर वर्षांत कळलं नाही,” ते म्हणाले आणि उरलेली काकडी तशीच खाल्ली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, सासवडचा कोयता, स्क्रूड्रायव्हर आणि मध्यभागी, मानाच्या जागी, उसुबा. आईंनी कालवलेलं गंध, हळद, कुंकू आणि झेंडूचं ओलं फूल प्रत्येकावर सढळ हाताने वाहिलं. जपानी लोहारही ८ नोव्हेंबरला भात्याची पूजा करतात, संत्री वाहतात, हे गृहस्थांना ठाऊक होतं. पण तिथे संत्र्याचा रस पात्यावर पिळत असल्याचं कुठेही नमूद नाही. पुसावं तर देवाचं, ठेवावं तर गंज. रात्री सगळे निजल्यावर ते देवघराशी टॉर्च आणि टिश्यू पेपर घेऊन सापडले. “अरे, दसऱ्याला सोनं लुटतात,” आई अंथरुणातून म्हणाल्या. “कुंकू नाही.”

आणि मग गूळ. संक्रांत जवळ आलेली, ढेप दगडासारखी. फ्रीजवरचा कागद वाचायला आईंना चष्मा लागतो, आणि चष्मा हॉलमध्ये होता. समोर दिसली त्या सुरीने त्यांनी ढेप फोडायला घेतली. गूळ फुटला. धारेचाही मसुराएवढा टवका उडाला. अशा कडक पोलादाचं दुखणंच हे, की ते वाकत नाही, तुटतं. जर्मन सुरी जरा मऊ असते, ती नुसती मुडपली असती. तो टवका गुळात शोधताना सगळा गूळ बारीक चिरून झाला, एवढाच काय तो फायदा.

दुरुस्तीचे दगड घरात होतेच. हजार नंबरचा, तीन हजारचा, सहा हजारचा. मात्र टवका काढायचा तर त्याच्या खालपर्यंत सगळी धार झिजवून मागे न्यावी लागते, आणि तीही एका बाजूनेच, ठरल्या कोनात. दुसऱ्या बाजूने पातं सपाट ठेवून फक्त वळलेली कडा काढायची. गृहस्थ सकाळी बाल्कनीत बसले ते दुपारच्या चहापर्यंत घासतच होते. टवका तिथेच होता. गृहस्थांच्या बोटांची टोकं तेवढी गुळगुळीत झाली. आता त्यांचा फोन त्यांना ओळखत नाही आणि ऑफिसचं दारही उघडत नाही.

अशा वेळी खालून हाक आली: “चाकू, सुरी, कात्रीऽऽ, धाऽऽर!”

सायकल स्टँडवर उभी, सीटसमोर गरगर फिरणारा दगड, पायडलला पट्टा. गृहस्थ सुरी फडक्यात गुंडाळून खाली गेले. या दगडावर ठिणग्या उडतात, ठिणग्या उडाल्या की पातं तापतं, तापलं की अंधाऱ्या खोलीत कमावलेला कडकपणा गेला, हे सगळं त्यांना माहीत होतं. ते फक्त मत विचारायला गेले होते.

धारवाल्याने सुरी उजेडात धरली. उलटी केली. परत सुलटी केली. आणि सहानुभूतीने म्हणाला, “साहेब, फसवलं तुम्हाला. एकाच बाजूची धार काढून दिलीय. दुसरी राहिलीय तशीच.”

“तशीच असते ती!”

“असं दुकानदार म्हणला व्हय? चाळीस रुपयांत दुसरी बाजू काढून देतो. टवक्याचे वेगळे.”

“चाळीस?” गृहस्थ सवयीने म्हणाले. “वीस होतील.” मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी सुरी छातीशी धरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: साकाई, पोर्तुगीज, तंबाखू, शोगुनचा शिक्का, तलवारबंदी, आणि बंदुकांच्या गावात निघालेला सायकलचा कारखाना. धारवाला पायडलवरचा पाय काढून मन लावून ऐकत होता. मध्ये त्याने एक गिऱ्हाईक थांबवून ठेवलं.

“म्हणजे सायकलचं सामान करणारे लोक ते,” तो शेवटी म्हणाला.

“हो! त्यांचीच परंपरा!”

“मग पुन्हा गेलात की एवढं विचारा त्यांना.” त्याने वाकून मागचं चाक दाखवलं. “माझी चेन लई उतरते.”